तोंड लावायची वस्तू

मिरजेत चारुशीलाबाईंचं घर विचारायचं तर अजूनही 'पेटीवाल्यांचं' म्हणूनच विचारावं लागतं. त्यांचे यजमान विष्णुपंत हार्मोनियम दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता पुढच्या खोलीत पेटी एकही नाही. आढ्याला दोरीने टांगलेले वेळूचे तुकडे आहेत, मुळासकट, आणि प्रत्येकाला महिना नि साल लिहिलेली चिठ्ठी. नवा माणूस दारात उभा राहिला की त्याला वाटतं, बाईंनी कसली तरी जडीबुटी वाळत घातली आहे.

गल्लीत बाईंची ओळख मात्र वेगळीच. त्यांना उष्टं चालत नाही. सोवळंओवळं नव्हे हं. कुणीही यावं, थेट देवघरापर्यंत जावं, त्यांचं काही म्हणणं नसतं. पण एकाचं तोंड लागलेलं दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. आमटीची चव बघून कुणी तोच चमचा पातेल्यात बुडवला, की बाई त्या दिवशी आमटीशिवाय जेवणार. हल्ली वाढदिवसाला केकचा एकच तुकडा दहा जणांच्या तोंडाला लावत फिरवतात. शेजारच्यांकडे तो प्रकार बघून त्या भरल्या ताटावरून उठल्या होत्या. "अहो, प्रेमानं भरवतात," कुणीतरी म्हणालं. "प्रेमानं वेगळा तुकडा कापता येत नाही का?" बाई म्हणाल्या आणि चपला घालून घरी आल्या.

अशा बाईच्या नशिबी आलं काय, तर तोंडाने वाजवायचं वाद्य. आणि तेही जपानचं.

पंधराएक वर्षांपूर्वी मोरियामा नावाचे एक जपानी गृहस्थ मिरजेला तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, ऐकायला आले आणि विष्णुपंतांच्या माडीवर भाड्याने राहिले. सत्तरीचे, काटकुळे, हसताना तोंडावर हात धरणारे. गल्लीने आठवड्यात त्यांचं 'मोरेमामा' करून टाकलं आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं. त्यांच्याकडे वेळूची एक जाडजूड बासरी होती. तिला ते शाकुहाची म्हणायचे. आपल्या बासरीसारखी आडवी नाही, सनईसारखी उभी धरायची; पण सनईसारखी पत्ती नाही. वरचं टोक तिरकं कापलेलं, त्या धारेवर फुंकर घालायची. पुढे चार भोकं, मागे अंगठ्याला एक. खालचं टोक म्हणजे वेळूचं मूळच, बोकडाच्या खुरासारखं वाकडं.

पहिल्या दिवशी त्यांनी वाजवली तेव्हा विष्णुपंत जिना चढून वर गेले आणि काळजीने म्हणाले, "मामा, हिची हवा गळतेय. भाता बघू का?"

मोरियामा तोंडावर हात धरून हसले. त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, हवा गळत नाही, हवाच ऐकायची. आपल्या बासरीत फुंकरीचा आवाज आला तर तो दोष. त्यांच्याकडे तो मुद्दाम ठेवतात. पूर्वी तिकडे भिक्षू डोक्यावर टोपली घालून, तोंड झाकून, ही वाजवत दारोदार फिरायचे. कुणाला ऐकवायला नव्हे. श्वास घ्यायचा आणि देवाला परत करायचा, म्हणून. चारुशीलाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांना हे लगेच कळलं. त्या दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जात, तिथे घाटावर जप करणारी माणसंही कुणाला ऐकवत नसतात.

मोरियामा तीन हिवाळे आले. बासरी करायला शिकायला बसले होते विष्णुपंत, पण त्यांचा हात कापायचा. मग मामांनी आणलेल्या वाळक्या वेळूच्या आतल्या गाठी फोडायला, कानस मारायला बाईच बसू लागल्या. पंचवीस वर्षं पेटीचे सूर लागताना शेजारी बसून कान तयार झाला होता, हात घरकामाने. तिसऱ्या हिवाळ्यात मोरियामांनी बाईंच्या हातची शाकुहाची ओठांना लावली, एकच सूर बराच वेळ धरला आणि खाली ठेवून नमस्कार केला. त्यानंतर त्यांचं येणं झालं नाही. पुढे त्यांच्या मुलीचं पत्र आलं, वडील गेले म्हणून.

वेळू आणायचा जोतिबा. पाटणच्या वरच्या अंगाला त्याची जमीन, बांधाला कळकाची आणि वेळूची बेटं. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. पहिल्यांदा त्याला मुळासकट वेळू पाहिजे म्हटल्यावर तो चक्क रागावला.

"वैनी, शेंडा न्या, मधला न्या. मूळ कशापायी? बेटाचं मूळ काढायचं न्हाई, लय वंगाळ."

"एका बेटातनं एकच काढ जोतिबा. आणि काढायच्या आधी सुपारी ठेव."

"सुपारी ठेवतो व्हय! उद्या मला मुंडावळ्या बांधायला लावशीला."

पण आणायचा. दर थंडीत पाच-सहा. मग ते विस्तवावर शेकायचे, अंगातलं तेल बाहेर येतं ते फडक्याने पुसायचं. वेळू जाळला तर वंश जळतो म्हणतात. बाई दर वेळी शेगडीपाशी हात जोडून सांगायच्या, "शेकते आहे हो, जाळत नाही." त्यानंतर तीन वर्षं सावलीत वाळवायचे. तीन वर्षांनी त्यातला एखादा फुटलेला निघायचा, एखादा किडलेला. वर्षाकाठी चार-पाच बासऱ्या झाल्या तर डोक्यावरून पाणी.

आणि तोंडाचं काय? सूर लावायचा तर फुंकून बघावंच लागतं. बाईंनी आपला नेम ठरवला होता. दात घासून, मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरून मगच ओठ लावायचे. सूर मनासारखा जमला की तोंडाची बाजू धुवायची, पुसायची. गुरुवारी ती बासरी दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवायची, वर तुळशीचं पान. तिथून उचलली की मग कुणीही तोंड लावायचं नाही, स्वतः बाईंनीसुद्धा. बासरीवर त्यांनी कधी नाव घातलं नाही. मोरियामा आपल्या बासरीच्या पाठीवर तापल्या लोखंडाने नाव उठवत. बाईंना ते बरं वाटेना. विद्या गुरूची, वेळू देवाचा, मधे आपलं नाव कशाला मिरवायचं?

इथेच बाई चुकल्या. बिननावाची वस्तू कुणाचीही होते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

विष्णुपंत गेल्यावर सांगलीचा ऋषिराज यायला लागला. तिशीच्या आतला, वाद्यं ऑनलाइन विकायचा. दारात आला की आधी वाकून पाया पडायचा, तेही दोन्ही हातांनी. "काकू, तुमच्या कलेला जगात मान मिळवून देतो." बाईंना कलेपेक्षा ते दोन्ही हातांनी पाया पडणं आवडलं होतं. दोन वर्षांत त्याने नऊ शाकुहाची नेल्या. कुठे गेल्या विचारलं की म्हणायचा, "चांगल्या माणसांकडे, काकू." बाई रात्री देवापुढे दिवा लावताना त्या न पाहिलेल्या माणसांनाही नमस्कार करायच्या.

गेल्या माघात दहावी तयार झाली. न्यायला कुणी येईना, म्हणून शनिवारी दुपारी बाई स्वतःच एसटीने सांगलीला गेल्या. विश्रामबागेत ऋषिराजचं दुकान. पुढे कुणी नव्हतं. मागच्या खोलीत खसखस आवाज येत होता, म्हणून त्या आत गेल्या.

भाऊसो पाटावर बसला होता. पन्नाशीचा, कुंडलचा माणूस, ऋषिराजकडे बांधाबांध करायला होता. त्याच्या मांडीवर शाकुहाची होती. बाईंनी दारातूनच ओळखली. तिसऱ्या भोकाखालची गाठ जरा तिरकी होती, दिवाळीनंतर दिली तीच. भाऊसोच्या गालात तंबाखूचा बार होता. त्याने अंगठा तोंडात घालून ओला केला, बासरीला जिथे ओठ टेकतात तिथे लावला आणि चोळला. परत अंगठा तोंडात, परत चोळणं. कडेने तपकिरी ओघळ आला तो त्याने तळहाताने वर ढकलला. देवाची समई घासावी इतकं मन लावून चाललं होतं.

"हे काय करतोयस?"

"या की काकू, बसा." भाऊसो दचकलासुद्धा नाही. "पालिश."

"कशानं?"

"आवं, पैल्यांदा चहाच्या पान्यात बुडवून बघितलं. रंग बसतो, पन उडतो. मग काजळी लावली. ती एकाच्या व्हटाला लागली, बोंबाबोंब झाली. ह्यो रंग बघा. तंबाखू आन थुकी. आत मुरतोय. पन्नास वर्सं कुनीतरी वाजवत आल्यागत दिसतंय का न्हाई? घ्या, हातात घेऊन बघा."

आणि त्याने ती पुढे केली. तोंडाची बाजू बाईंकडे. ओली, चकाकणारी. तंबाखूचा नि किडक्या दातांचा वास त्यांच्या नाकापर्यंत आला. भाऊसोच्या चेहऱ्यावर हात बसलेल्या कारागिराचं समाधान होतं, आणि बाईंना सगळ्यात जास्त शिसारी आली ती त्या समाधानाची. त्या कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेल्या आणि सकाळी खाल्लेलं सगळं उलटून पडलं.

"उन्हाचं आला व्हय?" भाऊसो म्हणाला. "पानी देऊ?"

"नको. तुझ्या हातचं नको." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "किती बासऱ्यांना लावलंस हे?"

"समद्या. आठ गेल्या, ही नववी. आज पुन्याचं पावनं येनार हायेत न्यायला."

आठ. आठ माणसं, कुठली कोण, सकाळी उठून, हातपाय धुऊन, कदाचित डोळे मिटून, ह्या माणसाची थुंकी तोंडात घेत होती. तीही बाईंच्या हातच्या वस्तूतून, दत्तापुढून उचलून दिलेल्या. त्यांनी पदराच्या टोकाने बासरी उचलून उलटी केली. पाठीवर जपानी अक्षरांचा डाग दिलेला. मोरियामांचा नव्हे. कुठून तरी उचलून केलेला.

तेवढ्यात पुढे आवाज आले. ऋषिराज पाहुण्याला घेऊन आला होता. पाहुण्याचं नाव सुमंत, मूळचे सांगलीचे, आता पुण्यात मोठा बंगला बांधून राहिलेले, अंगात कोऱ्या खादीचा सदरा. ऋषिराजने बाईंना बघितलं, क्षणभर त्याचा चेहरा उतरला आणि लगेच खुलला. असली माणसं लवकर सावरतात.

"अरे वा, योग ते बघा सर! ह्याच त्या काकू. मोरियामा-सानांच्या शिष्या. ही ऐंशी वर्षांची बासरी, भिक्षूच्या वापरातली, यांच्याच घरी जपून ठेवलेली होती. काकू, सांगा ना सरांना."

असं म्हणत त्याने बाईंच्या हातातून बासरी काढून पाहुण्यांच्या हातात दिलीसुद्धा. सुमंतांनी ती उजेडात धरली. तोंडाचा काळपटपणा बघून त्यांचे डोळे पाणावले. "काय साधना असेल," ते म्हणाले. "एकेक श्वास इथे साठलाय." आणि त्यांनी डोळे मिटून बासरी ओठांकडे नेली.

"तोंड लावू नका!" बाई ओरडल्या. त्यांनी पाहुण्यांच्या मनगटालाच हात घातला. "उष्टी आहे ती. श्वास कसला साठतोय? ह्या भाऊसोची थुंकी आहे. ओली आहे अजून, बोट लावून बघा. आणि ऐंशी वर्षं नव्हेत, चार महिने. मी केलीय, माझ्या घरी."

भाऊसोने गालातला बार दुसरीकडे सरकवला.

बाईंना वाटलं, आता हा माणूस बासरी फेकून देईल. ऋषिराजच्या मुस्काटात मारेल. त्याने ती फक्त ओठांपासून लांब केली, रुमालाने बोटं पुसली आणि विचारलं, "हा रंग धुतला तर जाईल का?"

"जाईल की. राख लावून घासला तर जाईल."

"मग नको धुवायला." सुमंत ऋषिराजकडे वळले. "हे बघा, वाजवणार कोण आहे? ध्यानाच्या खोलीत भिंतीवर लावायचीय. लांबून कळत नाही ना, तेवढं सांगा. फक्त ती ऐंशी वर्षांची असल्याची चिठ्ठी मला सही करून द्या."

थुंकणारा बरा, असं त्यांना त्या घटकेला वाटलं. त्याला निदान आपण थुंकतोय हे माहीत होतं.

त्यांनी सुमंतांच्या हातातून बासरी काढून घेतली, पिशवीत घातली आणि नवी दहावी होती तीही दिली नाही.

"काकू, हे बरं नाही," ऋषिराज मागे आला. त्याचा आवाज आता पाया पडणाऱ्या पोराचा राहिला नव्हता. "जुनं म्हटल्याशिवाय कोण हात लावतो? मिरजेच्या बाईनं केलीय सांगू का? सगळं मार्केट असंच चालतं."

"ज्या हातांनी पाया पडायचास ना, तेच हात का रे हे?" बाई म्हणाल्या. "आठ जणांची नावं दे मला."

"नावं कशाला?"

"सांगते त्यांना."

"वेड लागलंय तुम्हाला. कुणाला काही झालंय का? पोट तरी दुखलंय का कुणाचं?" आणि त्याने नावं दिली नाहीत.

बाई रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करत होत्या. भाऊसो मागून आला, आडोशाला उभा राहिला.

"काकू, आमी हुकमाचं ताबेदार. साहेब म्हनला घास, घासलं."

"तुला नात आहे ना?"

"हाय की. राजनंदिनी. दुसरीत हाय."

"तिच्या तोंडात देशील का हे?"

भाऊसोने पिशवीकडे बघितलं. मग रस्त्याच्या कडेला जाऊन गालातला बार थुंकला. "न्हाई द्यायचो," तो म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढला. "सात परदेशात गेल्या, त्यांचं काय मला ठावं न्हाई. एक सा म्हैन्यामागं फलटनला गेली. चिकटवायच्या आधी पत्त्याचा फोटू काढलेला. घ्या लिवून. पन माजं नाव घेऊ नका."

पत्ता मिळाला, पण बाईंचे दोन दिवस फार वाईट गेले. फलटणच्या त्या बाईला, ऋचा नाव होतं तिचं, सांगायचं की नाही? न कळलेलं उष्टं उष्टं नसतं, असं शेजारणीने समजावलं. खरंच, सहा महिने तिला काही झालं नाही, पुढेही होणार नाही. सांगितलं की मात्र त्या क्षणापासून ओकारी सुरू. बाई जेवायला बसल्या की घास फिरायचा. देवापुढे तुळस ठेवताना हात आखडायचा.

सोमवारी जोतिबा नवी मुळं घेऊन आला. बाईंनी त्याला दारातच सांगितलं, आता आणू नकोस, मी हे सोडलं. आणि सगळी हकीकत सांगितली.

"छ्या! छ्या छ्या!" जोतिबाने खांद्यावरचं ओझं धाडकन ओसरीत टाकलं. "थुकला त्यो मानूस, आन शिक्षा येळूला व्हय? त्यानं काय केलंय?" तो बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "त्या फलटनच्या पोरीला सांगितलासा का?"

"तिला समजलं तर किळस येईल रे."

"येऊ द्या की. किळस तिची हाय. तुमी का दाबून ठेवलीया?"

मंगळवारी बाई पहाटेच निघाल्या. विट्याला गाडी बदलली, दहिवडीला बदलली, फलटणला पोचायला दुपार झाली. पत्त्यावर बसकं घर, पुढे फरशीचं अंगण. ऋचाने दार उघडलं. तिशी-बत्तिशीची मुलगी, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. रात्रपाळी करून आली होती. मिरजेहून शाकुहाचीच्या कामाने आलेय म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

"तुम्हाला माहितीये शाकुहाची? इथे कुणालाच माहीत नाही हो. बसा, बसा ना." आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत ती आतून बासरी घेऊन आली. स्वच्छ पिवळ्या रेशमाच्या पिशवीत घातलेली. "वडील गेल्यावर मला झोप येईना. इंटरनेटवर एक गुरुजी सापडले, त्यांनी फक्त एकच सूर दिलाय. सगळी भोकं झाकून. रोज अर्धा तास तेवढाच. ऐका."

"थांब ग," बाई म्हणाल्या. पण तिने ओठ टेकले होते.

सूर आला. आधी नुसता वारा, मग वाऱ्यातून हळूच उठलेला, खोल, अंगणभर पसरणारा. मोरियामांनी तीन हिवाळे जो कानात घातला तोच. बाईंच्या हातून असा सूर लागलेली बासरी दुसरी झाली नव्हती. आणि त्यांना तो ऐकता येईना. त्यांना दिसत होते ते फक्त ओठ, त्याखालचा तो काळपट डाग, आणि डागावर फिरणारा अंगठा. त्यांनी पदर तोंडावर दाबला.

"रडताय?" ऋचाने बासरी खाली घेतली.

"नाही बाळा. मला सांगायचंय ते ऐक आधी. आणि ती खाली ठेव."

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. थुंकीला थुंकीच म्हटलं. ऋचा ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात गळ्याशी गेला. मग ती उठली, बेसिनपाशी जाऊन दात घासू लागली. पेस्ट थुंकायची, परत घ्यायची. चार वेळा घासले. हिरड्यांतून रक्त आलं तरी घासत होती. बाई खाली मान घालून तो आवाज ऐकत बसल्या.

"तुम्ही कशाला आलात?" ती बाहेर येऊन म्हणाली. ओठ लाल झाले होते. "सहा महिने मला काही नव्हतं. मी झोपत होते. वडिलांचा शेवटचा श्वास मी त्या सुरात... आता मला त्यात काय आठवणार? एका माणसाचे दात! हे देऊन चाललात तुम्ही मला."

"हो," बाई म्हणाल्या. "ते तुझ्याच तोंडाचं होतं, म्हणून सांगायला आले."

"घेऊन जा ती."

ऋचाने प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळली, मेलेला उंदीर उचलावा तशी दोन बोटांनी बासरी उचलली आणि बाईंपुढे टाकली. रेशमाची पिशवी कचऱ्याच्या डब्यात गेली. बाईंनी बासरी आपल्या पिशवीत घातली. पिशवीत दत्तापुढून उचललेली कोरी दहावीही होती. ती त्यांनी बाहेर काढली. "ही स्वच्छ आहे. कुणाचंही..."

"नको. तुमचं तोंड लागलंय ना हिला, सूर लावताना? नको मला."

बाईंना ते लागलं नाही. तिच्या जागी त्या असत्या तर हेच म्हणाल्या असत्या. पण मुलगी पायरीवर मटकन बसली होती आणि हात मांडीवर असे रिकामे पडले होते की बाईंचा पाय दाराबाहेर निघेना.

"उद्या सकाळी काय वाजवशील?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"जवळ नळाच्या सामानाचं दुकान आहे का?"

ऋचाने वर बघितलं.

"पाऊण इंची पाण्याचा पाइप आण. कोरा, तुझ्या हातानं बघून. करवत आण, कानस आण. मामा म्हणायचे, तिकडे नवशिके पाइपवरच शिकतात. मी कापते, भोकं पाडते, तू समोर बस. फुंकून मी बघणार नाही. तूच फुंकायचं, मी कानानं सांगेन कुठे किती घासायचं ते."

ऋचा गाडी काढून गेली आणि पाऊण तासात सगळं घेऊन आली. आल्याआल्या तिने पाइप कढत पाण्याने धुतला. बाईंनीही कोपरापर्यंत हात धुतले, तिच्यासमोर, साबणाने. अंगणात फरशीवर बसून साडेचोपन्न सेंटिमीटर मोजून कापला, तोंड तिरकं घासलं, गॅसवर सळई तापवून पाच भोकं पाडली. जळक्या प्लास्टिकचा घाणेरडा वास अंगणभर झाला. ऋचाने मोबाइलवर सूर मोजायचं काहीतरी लावलं होतं. बाईंनी तिकडे बघितलंही नाही.

"फुंक. हं, अजून खाली. मागचं भोक बारीक आहे, आण इकडे." पाइप दर वेळी परत आला की ऋचा त्याचं तोंड पुसायची. बाईंनी फक्त मधे धरला होता, तोंडाला त्यांचं बोटही लागलं नव्हतं. तरी पुसायची, हुंगून बघायची, मगच ओठांना लावायची. बाई तेवढा वेळ थांबायच्या.

उन्हं कलता कलता सूर बसला. नाकातला, पत्र्यासारखा सूर. वारा पुष्कळ, गाभा थोडा.

"नळाचा आवाज येतोय हा," ऋचा म्हणाली.

"नळच आहे तो. वेळू वाळायला तीन वर्षं लागतात. काल पाच मुळं आलीत. मिरजेला येऊन निवड, आणि शेकण्यापासून समोर बस."

"बसणारच आहे." ती हसली नाही. "मला आता तुमचाही भरवसा नाही, काकू."

"नको ठेवूस," बाई म्हणाल्या आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून चपला घालू लागल्या.

फाटकातून त्यांनी मागे वळून बघितलं. ऋचा नळाखाली पाइप धरून पुन्हा धुत होती.